चौथा स्क्रू

भिंत फुगल्याचं आधी पाठीला कळलं.
रात्री मी कूस वळवली
तर गाडीनंही माझ्याकडे कूस वळवलेली.
पलंगाशेजारचा पांढरा सनमायका
जलोदर झाल्यासारखा पुढे आलेला,
दाबला की आत जायचा,
सोडला की पुन्हा वर,
आणि आत काहीतरी कुरकुरायचं.

मी सबनीसांना शिव्या घातल्या.
वाशीच्या सबनीसांनी ही गाडी स्वतः बांधलेली,
टेम्पो ट्रॅव्हलरचं घर :
ओटा, सिंक, सव्वाचार फुटी कपाट,
आणि विकताना डोळे पुसायचं तेवढं बाकी ठेवलेलं.
वकिलाकडून नोटीस धाडली.
सदोष बांधणी, फसवणूक, मनस्ताप.
उत्तर आलं पोस्टकार्डावर, एकच ओळ :
भिंत उघडून बघा, मग बोलू.

दोन पावसाळे मी भिंत उघडली नाही.
तिच्यावर स्पितीचं पोस्टर लावलं.
मग उशी टेकवली.
मग त्या बाजूला झोपणंच सोडलं.
पाहुण्यांना म्हणायचे, गाडी जरा गुटगुटीत झालीय.
वास यायचा ओल्या गोणपाटाचा,
त्यावर कापराच्या वड्या.

शेवटी दिवाळी उरकल्यावर
तुर्भ्याला नेली, एमआयडीसीत,
ट्रकांच्या बॉड्या बांधतात त्या गल्लीत,
भालचंद्र मेस्त्रींच्या पत्र्याखाली.
मेस्त्री कणकवलीकडचे. बोलणं मोजून.
बोटांच्या पेरांनी त्यांनी भिंत वाजवली
फणस वाजवून बघावा तशी.
टण. टण. टण. बद.
बद. बद.
खडूची रेघ ओढत गेले,
ती फुगवट्यापाशी थांबलीच नाही,
खिडकीवरून वर, कपाटामागून पुढे
छताच्या कोपऱ्याकडे निघाली.
"पाणी दिसता थंयसून शिरणा नाय, बाय."

मग सनमायका सोलला.
खालचं प्लाय, चहात विरघळलेली खारी,
पापुद्र्यापापुद्र्यानं हातात आलं.
थर्माकोल काळा, मुंग्यांनी वसवलेला.
सागाची पट्टी नखानं उकरावी अशी.
आणि जिथे ओल पोचली नव्हती
तिथे सबनीसांची पेन्सिल :
डावी बाजू. दोनदा मोजली.
सांध्यासांध्याला सिलिकॉनची रेघ,
करंजीची कड दाबावी तशी सलग.
मी ते वाचलं
आणि मेस्त्रींकडे बघायचं टाळलं.

ते शिडी लावून छतावर गेले.
वरून आवाज आला,
"ह्यो सोलर कोणी बसयल्यान?"
"मी."
"चार स्क्रू. तिनांक सिलिकॉन हा. चौथ्याक?"

चौथ्याला ट्यूब संपली होती.
नेरूळची संध्याकाळ, सोसायटीच्या गेटबाहेर,
वॉचमन टॉर्च धरून कंटाळलेला,
डास.
मी म्हटलं होतं, उद्या.
एवढंच. एक शब्द आणि सहा मिलिमीटरचं भोक.
बाकीचं सगळं पाण्यानं केलं,
तेही अजिबात घाई न करता.

नऊ दिवस हॅलोजन लावून गाडी वाळवली.
बिलात मी घासाघीस केली नाही, मेस्त्री चकित.
नवी पट्टी, नवं प्लाय, नवा वास.
सबनीसांचा नंबर रोज काढला,
रोज परत ठेवला.

शेवटचा पॅनल ठोकायच्या आधी
मेस्त्री चहाला गेले तेव्हा
खोक्यावरची त्यांची पेन्सिल उचलली
आणि सबनीसांच्या ओळीखाली,
कधी कुणाला दिसणार नाही अशा जागी,
तारीख घालून, पूर्ण नाव घालून लिहिलं :
भोक मी पाडलं.

मेस्त्री आले. पॅनल उचलला,
क्षणभर तसाच धरला,
मग लावला.
वाचलं की नाही, कोण जाणे.
तोंडात चार स्क्रू होते,
बोलायचं असतं तरी
बोलता आलं नसतं.